बाळंतिणीच्या खोलीतली फ्रेंच गाणी

सुप्रभा टिकेकर लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीहून बेसिंगस्टोकला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात पाच गोधड्या होत्या. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा हेही होतंच, पण ते कुठलीही आई आणते. गोधड्या पाहून हीथ्रोवरचा कस्टमवाला चक्रावला. ‘मॅडम, आमच्याकडे पांघरुणं मिळतात,’ असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. त्यावर ‘मिळत असतील, पण त्यांना ऊब कुठली!’ असं बाईंनी मराठीत सुनावलं आणि दोघांचंही समाधान झालं.

बाईंनी शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यामुळे बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे त्यांच्या लेखी अडतीस दिवस. सदतीस नव्हेत नि एकोणचाळीसही नव्हेत. अडतीस दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, कानाचं फडकं सोडायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचं तर मुळीच नाही. या शेवटच्या नियमाबाबत त्या सगळ्यात कडक होत्या, कारण त्यांची लेक ऋजुता गाणारी होती. आणि गात होती ती रॉक, म्हणजे शेजाऱ्यांनी भिंत ठोकावी असं काहीतरी.

ऋजुता पुण्यात फ्रेंच शिकली आणि त्या फ्रेंचच्या जोरावर नव्व्याण्णव साली बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत लागली. फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या कंप्यूटरांची रडगाणी ऐकायची आणि त्यांना गोड आवाजात समजावायचं, हे तिचं काम. दिवसभर इतकं गोड बोललं की संध्याकाळी ओरडावंसं वाटतं, असं ती म्हणे. त्याच ऑफिसात नेटवर्क सांभाळणारा कॉलिन नावाचा एक उंच, किडकिडीत माणूस गिटार वाजवायचा आणि घरी गाणी रेकॉर्ड करायचा. त्यानं तिला एकदा जिन्यात गाताना ऐकलं, दोन महिन्यांत ड्रमवाला नि बेसवाला जमवला आणि शनिवारी पबमध्ये यांचं गाणं सुरू झालं.

फ्रेंचचं प्रकरण सुरू झालं ते शेर्बूरला. पोर्ट्समथहून बोटीनं गेलं की समुद्रापलीकडचं पहिलंच फ्रेंच गाव. तिथल्या एका हॉलमध्ये लोक यांच्याकडे पाठ करून निवांत पीत बसले होते. ऋजुताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसरं गाणं तिनं इंग्रजीऐवजी सरळ फ्रेंचमध्ये म्हणायला घेतलं, ओळ पुढे सरकेल तशी भाषांतर करत. निम्म्या गाण्यात सगळ्या पाठी वळल्या. त्या लोकांत सिल्वी नावाची एक बाई होती. तिची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. तेव्हापासून ऋजुताचं प्रत्येक गाणं दोनदा रेकॉर्ड व्हायला लागलं. वाजवलेलं एकदाच, गायलेलं दोनदा. आधी इंग्रजी, ते इकडच्यासाठी. मग त्याच वाद्यांवर फ्रेंच, ते तिकडच्यासाठी. अशा दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या. फार मोठं नाव झालं असं नव्हे, पण फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर लोक तिला ओळखायला लागले होते. फ्रेंचांना वाटे ही इंग्लंडची, इंग्रजांना वाटे ही फ्रान्सची आणि सांगलीतल्या नातेवाइकांना वाटे ही कंप्यूटरवर काहीतरी करते.

पहिली सीडी घरी आली तेव्हा बाईंनी ती पूर्ण ऐकली. ‘सूर पक्का आहे,’ असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग जराशानं म्हणाल्या, ‘पण इतकं ओढून गायला लागली तर आवाज राहायचा नाही.’

आवाज राहणं नि न राहणं याबद्दल बोलायचा त्यांना हक्क होता, असं घरात सगळेच मानत. लग्नाआधी त्या सांगलीच्या रेडिओवर गायच्या. ऋजुता झाली चौऱ्याहत्तर साली, मिरजेला, बाईंच्या माहेरी. दहाव्या दिवशी वडिलांचे एक स्नेही बाळ बघायला आले आणि ‘एक होऊन जाऊ दे’ म्हणाले. बाई खाटेवर बसून गायल्या. दुसऱ्या दिवशी घसा बसला आणि आवाज गेला तो गेलाच. ही हकीकत टिकेकरांच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला सांगितली जाई. ऋजुतानंही ती लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की ती स्वतः सांगू शकली असती.

आता तिसऱ्या रेकॉर्डचा प्रश्न होता. दहाही गाण्यांचं इंग्रजी सहाव्या महिन्यातच गाऊन झालं होतं. फ्रेंच करायला गेली तर श्वास पुरेना. निम्म्या ओळीत बाळ फासळीत लाथ मारायचं. सिल्वीनं मे महिन्यात फ्रान्सभर कार्यक्रम ठरवून ठेवले होते. त्यासाठी फ्रेंच गाणी एकतीस मार्चपर्यंत तिच्या हातात हवी होती. नाहीतर रेकॉर्ड नाही, कार्यक्रम नाहीत, आणि पुन्हा कधी जमेल ते सांगता यायचं नाही. ऋजुताचा बेत सोपा होता. मार्चच्या सुरुवातीला बाळ, दोन आठवडे आराम, मग रेडिंगच्या स्टुडिओत जाऊन गाणी. आईला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

चार मार्चला, शनिवारी, मुलगी झाली. बाईंनी फ्रिजवरच्या कॅलेंडरात एकतीस तारखेभोवतीचं लाल वर्तुळ पाहिलं, जावयाला विचारून त्याचा अर्थ समजून घेतला आणि बोटं न मोजता हिशेब केला.

“अठ्ठाविसावा दिवस,” त्या म्हणाल्या. “जमणार नाही.”

“आई, तिनं डेट कमिट केलीये,” शार्दूल म्हणाला. तो स्वभावानं गरीब आणि सासूसमोर जास्तच गरीब.

“शार्दूलराव, आवाज एकदा गेला की तुमची कमिटमेंट काय तंबोऱ्यावर वाजवायची?”

 तो बाळाचे कपडे धुवायला निघून गेला.

बाईंनी पुढच्या बेडरूमचा ताबा घेतला. इंग्लंडातला मार्च म्हणजे खिडकीच्या फटीतून सुरीसारखा आत येणारा वारा. त्यांनी तीन गोधड्या खिडकीवर नि दोन भिंतींवर खिळ्यांनी ठोकल्या, उरलेल्या भिंतींवर शार्दूलच्या आईनं दिलेल्या सोलापुरी चादरी दुहेरी करून लावल्या, दाराला आतून जाड पडदा केला आणि खाली गालिचा अंथरला. घर भाड्याचं होतं, तरी शार्दूल निमूट एकेक खिळा पुरवत राहिला.

रोज येणारी मिडवाइफ, ब्रेंडा, ही मात्र बोलणारी होती. तिनं पहिल्याच दिवशी खिडकीवरची गोधडी बाजूला सारून ‘फ्रेश एअर!’ म्हणत खिडकी उघडली. तिची पाठ वळताच बाईंनी लावली. दुसऱ्या दिवशी ब्रेंडानं खोलीचं तापमान दाखवणारं एक कार्ड भिंतीला अडकवलं आणि हीटर बंद केला. बाळाला उकडणं वाईट, असं तिनं नीट समजावून सांगितलं. बाई शिकवणाऱ्या माणसाचा मान ठेवणाऱ्या होत्या. शेवटी तह झाला तो असा की हीटर बंद राहील, बाळावर एकच पातळ पांघरूण असेल, पण भिंतीवरच्या गोधड्यांना कुणी हात लावायचा नाही. ब्रेंडानं तहाच्या आनंदात डिंकाचे दोन लाडू खाल्ले.

धुरीचं मात्र फसलं. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला बाईंनी एका जुन्या तव्यावर ओवा नि वेखंड टाकून छान धूर केला. अर्ध्या मिनिटात छतावरचं ते धुराचा इशारा देणारं पांढरं डबडं असं काही किंचाळायला लागलं की बाईंच्या हातून तवा पडता पडता राहिला. शार्दूल टॉवेल हलवत डबड्याखाली नाचला. तोवर इमारतीतली झाडून सगळी माणसं, एक आजोबा नि त्यांची मांजर धरून, खाली फुटपाथवर जाऊन उभी होती. बाईंनी गॅलरीतून हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. आजोबांनीही वर बघून हात जोडले.

“आई, आता धुरी नाही हं,” ऋजुता हसू दाबत म्हणाली.

“नाही. पण तू हसू नकोस, टाके ओढतील.”

नवव्या दिवशी, रविवारी, कॉलिन बाळ बघायला आला. बूट काढून, हात धुऊन, अगदी शहाण्यासारखा आत आला आणि आल्या आल्या त्यानं हवेत एक टाळी वाजवली. बाळ दचकलं. बाई दचकल्या. त्यानं दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आणखी एक वाजवली आणि डोळे मिटून उभा राहिला.

“ऋजुता,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “धिस रूम इज डेड. कम्प्लीटली डेड!”

नऊ दिवसांच्या लेकराच्या खोलीत असला शब्द! बाईंनी बाळाला उचलून छातीशी धरलं आणि जावयाकडे असं पाहिलं की तो घाईघाईनं मध्ये पडला. गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांची ही रीतच आहे, त्यानं समजावलं. नव्या खोलीत गेलं की टाळी वाजवायची आणि ती घुमते का ते ऐकायचं. जिथे अजिबात घुमत नाही ती खोली आवाज रेकॉर्ड करायला उत्तम. स्टुडिओवाले त्यासाठी भिंतींना काय काय चिकटवत बसतात. आणि इथे गोधड्यांनी ते आपोआप झालं होतं.

ऋजुता आणि कॉलिन एकमेकांकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ बाईंना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, मी काही बोललेच नाहीये.”

“बोलूही नकोस. बाहेर जायचं नाही हा एकच नियम आहे का? मोठ्यानं बोलायचं नाही हाही आहे. आणि तुझं ते गाणं म्हणजे मोठ्यानं बोलण्याच्याही पलीकडचं आहे.”

ऋजुता भांडली नाही. भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. बाराव्या दिवशी बारसं झालं, बाळाचं नाव तनिषा ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिल्वीचा फोन आला. बाई पेज घेऊन आत गेल्या, तेव्हा ऋजुता कुशीवर पडून फोनवर बोलत होती. फ्रेंचचं अक्षर बाईंना कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. लेक अजिजी करत होती. एवढीशी असताना सायकलीसाठी केली नव्हती, पुण्याला शिकायला जायचं म्हणून केली नव्हती, शार्दूलशी लग्न ठरवलं तेव्हाही नुसतं सांगून मोकळी झाली होती. तिच्या तोंडून हा सूर बाईंनी कधी ऐकलेला नव्हता, आणि तो त्यांना अजिबात सोसला नाही.

फोन ठेवल्यावर ऋजुता म्हणाली, “तारीख नाही सरकत. हॉल बुक झालेत.”

बाईंनी पेजेत तूप सोडलं. “खोलीच्या बाहेर जायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही जात.”

“दिवसाला एकच गाणं. तेही दोन दुधांच्या मधे. घसा दुखतोय असं वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं, आणि ते वाटलं की नाही हे मी ठरवणार, तुझा तो टाळ्या वाजवणारा नाही.”

ऋजुता उठून बसली. “आई, खरंच?”

“आधी पेज संपव.”

कॉलिननं पंधरा दिवसांची रजा काढली आणि वीस तारखेला, सोमवारी, सामान घेऊन हजर झाला. खोलीत माइक उभा राहिला. त्याचा कंप्यूटर नि बाकी यंत्रं हॉलमध्ये, मधे दाराखालून गेलेली वायर. पहिला तंटा हेडफोनवरून झाला. हेडफोन घालायचा तर कानाचं फडकं काढावं लागणार होतं. बाईंनी हेडफोन हातात घेतला, उलटासुलटा केला, स्वतःच्या कानावर चढवून खिडकीपाशी उभ्या राहिल्या, आणि यातून वारं जात नाही अशी खात्री झाल्यावर परवानगी दिली. फक्त गाण्यापुरती. गाणं संपलं की फडकं पुन्हा.

आणि मग मजेचे दिवस सुरू झाले. सकाळी नऊला ऋजुता तनिषाला पाजून तिला आईच्या हातात देई, गरम पाणी पिई आणि आत जाऊन दार लावून घेई. बाई हॉलमध्ये सोफ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसत, शेजारी कॉलिन पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडे बघत बसे. वाद्यं त्याच्या कानात वाजत. बाईंना ऐकू येई तो दारापलीकडचा ऋजुताचा नुसता आवाज. असा एकटा, वाद्यांशिवाय, त्यांनी तो बारा वर्षांत ऐकला नव्हता. सीडीवर जो आरडाओरडा वाटला होता, त्याच्या आत एक छान भरीव खालचा सूर होता, आणि वर जाताना तो कुठे खरवडायचा, कुठे मोकळा सोडायचा हे पोरीला नेमकं कळत होतं. बाईंना अभिमान वाटला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, पण कॉलिनच्या बशीत दुसरा लाडू ठेवला.

तिसऱ्या दिवसापासून त्या मधे बोलायलाही लागल्या. “तिला म्हणावं, ती ओळ घाईत संपवलीस,” असं त्यांनी कॉलिनला आपल्या खणखणीत शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. कॉलिननं पुन्हा ऐकलं, मान डोलावली आणि माइकवरून तसं कळवलं. पाचव्या दिवशी तो स्वतःहून विचारायला लागला, “मिसेस टिकेकर, ओके?” बाई हात हलवून ‘ठीक’ म्हणत, नाहीतर ‘पुन्हा’. फ्रेंचमध्ये नक्की काय म्हटलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा विचारलं तर ऋजुता लाजून म्हणाली, राहू दे. मांडीवरची नात या सगळ्यात गाढ झोपायची. पोटात असताना तिनं हीच गाणी इंग्रजीतून ऐकली होती, तेव्हा तिला त्यात नवीन काही नव्हतं.

रविवारपर्यंत सात गाणी झाली. राहिली तीन.

आठवं गाणं सगळ्यात चढं होतं. शेवटी एका जागी सूर वर न्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. सोमवारी सकाळी ऋजुता त्या जागी पोचली आणि आवाज फाटला. कापड फाटावं तसा, मधोमध. कॉलिननं पुन्हा लावलं. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर सूर लागलाच नाही, नुसती हवा आली. कॉलिननं हळूच बाईंकडे पाहिलं.

बाई बाळाला घेऊन आत गेल्या. ऋजुता खाटेच्या कडेवर बसली होती. हेडफोन गळ्यात, डोळे भरलेले.

“तू सांगितलं होतंस,” ती कुजबुजली. “तुझ्यासारखंच झालं ना? माझ्यामुळे तुझा गेला, आता माझा. हिच्यासमोर मी असं कधी म्हणणार नाही हं आई. कधीच नाही. हिला वाटायला नको की आपण जन्मलो म्हणून…”



बाई उभ्याच राहिल्या. आपली ती हकीकत त्यांनी आजवर शंभर वेळा सांगितली असेल. समोर बसून ती ऐकणारी लहान मुलगी त्यातून काय घेऊन उठते, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. मग त्या शेजारी बसल्या.

“ऋजू, माझा आवाज तुझ्यामुळे नाही गेला.”

“राहू दे, आई.”

“ऐक. दहाव्या दिवशी गायले ते खरं. दुसऱ्या दिवशी घसा बसला तेही खरं. आईनं ज्येष्ठमधाचा काढा दिला. चार दिवसांत सुटला.”

“सुटला?”

“स्वच्छ. पूर्वीसारखा.” बाईंनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तिसऱ्या महिन्यात तुला घेऊन सांगलीला आले. तंबोरा मिरजेला राहिला. म्हटलं, पुढच्या वेळी आणू. मग तुझं दूध, तुझं दुखणं-खुपणं, घरातलं, मग शाळेतली नोकरी. कुणी अडवलं नाही गं. तुझे बाबा तर दोनदा म्हणाले, चल, घेऊन येऊ. मीच ‘उद्या’ म्हणाले. रेडिओचं पत्र आलं, अमुक तारखेला कार्यक्रम आहे म्हणून. रियाज नव्हता, मला भीती वाटली. लिहून टाकलं, बाळंतपणात आवाज गेला. लोक इतके हळहळले! मला ती हळहळ बरी वाटली. मग मीही तेच खरं मानायला लागले.”

ऋजुता आईकडे बघत राहिली. रडणं थांबलं होतं. “मिरज सांगलीपासून किती लांब आहे?”

“सहा मैल.”

“सहा मैल, आई?”

“सहा मैल.”

“बत्तीस वर्षं मी…” ऋजुताचा आवाज चढला. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रागावली होती, आणि बाईंना ते रास्त वाटलं. त्या उठल्या नाहीत, सारवासारवही केली नाही.

“चुकले मी,” त्या म्हणाल्या. “तुला काय वाटत असेल, याचा कधी विचार केला नाही. मोठी चूक झाली.”

 बाहेर कॉलिन नुसता खोकला. मग बाळ कुरकुरायला लागलं आणि ऋजुतानं भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे केले. बाईंनी त्या हातांत नात दिली.

पाजता पाजता ऋजुता म्हणाली, “मग आता मी काय करू?”

“आज गप्प बस. उद्या गा.”

“आणि उद्या फाटला तर?”

“तर परवा गा. पण गायचं टाळू नकोस, ऋजू. बाकी काही नाही.”

मंगळवारी ऋजुता त्या जागी पोचली तेव्हा बाईंनी सोफ्याची कड घट्ट धरली होती. पहिल्यांदा पुन्हा फाटला. आतून ऋजुताचं हसणं ऐकू आलं, आणि मग तिनं सांगितलं, लाव परत. दुसऱ्यांदा सूर वर गेला, जरासा खरखरला आणि टिकला. कॉलिननं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात हलवला आणि सोफ्याची कड सोडली.

बुधवारी नववं झालं, गुरुवारी दहावं. शुक्रवारी, एकतीस तारखेला, कॉलिन सकाळच्या बोटीनं पोर्ट्समथहून निघाला, गाणी भरलेली डिस्क कोटाच्या आतल्या खिशात आणि वाटेसाठी चार लाडू बाहेरच्या. संध्याकाळी त्याचा शेर्बूरहून फोन आला. सिल्वीनं सगळं ऐकलं होतं, दोनदा. आठवं गाणं रेकॉर्डमध्ये पहिलं लावायचं म्हणत होती. शार्दूलनं सासूबाईंच्या नकळत बाळाला उचलून घरभर नाचवलं, आणि सासूबाईंनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी घर कसं शांत होतं. माइक नव्हता, वायरी नव्हत्या, कुणाला कसली घाई नव्हती. बाईंनी अळिवाची खीर केली, वाटीत काढली आणि नेहमीप्रमाणे नऊला खोलीशी गेल्या. दाराला हात लावणार तोच त्या थांबल्या.

आत ऋजुता गात होती. रेकॉर्डसाठी नव्हे, सिल्वीसाठी नव्हे. कधी इंग्रजी, कधी फ्रेंच, मधेच नुसते सूर, चुकलं की हसून पुन्हा पहिल्यापासून. मधूनच तनिषाला काहीतरी विचारत होती आणि तिच्या वतीनं स्वतःच उत्तर देत होती. त्या अवघड जागी आवाज आजही जरा खरखरला. ती थांबली नाही.

बाईंना फार बरं वाटलं. इतकं की डोळे पुसायला पदर वर करावा लागला. हातातली खीर निवत चालली होती, आणि बाळंतिणीनं ती गरमच खायला हवी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती निवू दिली.